तबकडीविना तबकडी : अटारी १३० एक्सई आणि गृहसंगणकांतील स्मृति-तबकडीचा उगम

१

१९८५ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने '१३० एक्सई' हा गृहसंगणक विक्रीस काढला. त्याच्याबरोबर वापरावयाच्या 'डॉस २.५' या कार्यप्रणालीत आठव्या क्रमांकाचा एक ड्राइव्ह आढळतो. या ड्राइव्हला मोटर नाही, चुंबकीय शीर्ष नाही आणि फिरणारी तबकडीही नाही. तथापि वापरणारा त्यावर फाइल ठेवू शकतो, तिचे नाव बदलू शकतो, फाइलींची सूची मागू शकतो आणि किती सेक्टर शिल्लक आहेत हेही विचारू शकतो. ही सर्व कामे यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत चालतात आणि वीज बंद होताच त्यांचा मागमूस राहत नाही. अशा योजनेस 'रॅम डिस्क' ही संज्ञा रूढ झाली. प्रस्तुत लेखात तिला स्मृति-तबकडी असे म्हटले आहे.

स्मृति-तबकडी का निर्माण झाली, या प्रश्नाला सामान्यतः एकच उत्तर दिले जाते : फ्लॉपी तबकडी मंद होती आणि स्मृती वेगवान होती, म्हणून स्मृतीलाच तबकडीचे काम देण्यात आले. हे उत्तर असत्य नाही. परंतु आठ-बिटी गृहसंगणकांच्या बाबतीत ते अपुरे आहे. वेगाचा लाभ हा तेथे परिणाम होता. मूळ कारण वेगळे होते आणि ते यंत्राच्या पत्ते मोजण्याच्या मर्यादेत शोधावे लागते. जी स्मृती यंत्रात होती पण यंत्रातील भाषेला दिसत नव्हती, तिला काही नाव देणे आवश्यक झाले. आणि वापरणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले जे एकमेव नाव उपलब्ध होते, ते 'तबकडी' हे होते. हा मुद्दा १३० एक्सईच्या रचनेवरून कितपत सिद्ध होतो आणि त्याच काळातील इतर यंत्रे त्याला कोठवर दुजोरा देतात, हे पाहावयाचे आहे.

२

१३० एक्सईचा गणनघटक ६५०२ या कुळातील होता. एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणलेला हा घटक स्वस्त असल्यामुळे गृहसंगणकांच्या पहिल्या पिढीचा आधार ठरला. त्याला पत्त्यांसाठी १६ रेषा असतात. त्यामुळे त्याला ६५,५३६ पेक्षा अधिक स्थाने एका वेळी ओळखता येत नाहीत. १९७५ साली ही मर्यादा कोणालाही जाचणारी नव्हती, कारण एवढी स्मृती घरगुती यंत्रात घालणे परवडण्यासारखेच नव्हते. दहा वर्षांत परिस्थिती पालटली. १९८४-८५ मध्ये स्मृतिचिपांच्या किमती इतक्या वेगाने कोसळल्या की १९८५ मध्ये इंटेलसारख्या कंपनीने गतिक स्मृतीच्या धंद्यातून अंग काढून घेतले. त्याआधी, जुलै १९८४ मध्ये, जॅक ट्रॅमियल यांनी वॉर्नर कम्युनिकेशन्सकडून अटारीचा गृहसंगणकांचा व्यवसाय विकत घेतला होता. थोड्या पैशांत अधिक यंत्र देणे हे त्यांचे धोरण होते. स्वस्त झालेली स्मृती दुप्पट करून जुन्याच घडणीचे यंत्र नव्याने बाजारात आणणे, हे या धोरणाला धरूनच होते. १३० एक्सईत १२८ किलोबाइट स्मृती आली ती अशा परिस्थितीत.

परंतु गणनघटक जुनाच राहिला आणि त्याची दृष्टी ६४ किलोबाइटांपलीकडे पोहोचत नव्हती. यावर उपाय म्हणून स्मृतीचे कप्पे अदलून-बदलून समोर आणण्याची युक्ती योजण्यात आली. वाढीव ६४ किलोबाइटांचे प्रत्येकी १६ किलोबाइटांचे चार कप्पे करण्यात आले. मूळ स्मृतीतील १६,३८४ ते ३२,७६७ हा पत्त्यांचा पट्टा म्हणजे जणू एक खिडकी ठरविण्यात आली. ५४,०१७ या पत्त्यावरील नोंदवहीत योग्य अंक लिहिला की त्या खिडकीतून मूळ स्मृतीऐवजी चारांपैकी हवा तो कप्पा दिसू लागे. कप्पा बदलल्याने आधीच्या कप्प्यातील मजकूर पुसला जात नसे. तो दृष्टीआड होई इतकेच.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्या नोंदवहीतील दोन बिटे कप्पा ठरवीत. आणखी दोन बिटांपैकी एक गणनघटकासाठी आणि दुसरे 'अँटिक' या चित्रपटाच्या चिपेसाठी राखून ठेवलेले होते. म्हणजे गणनघटक मूळ स्मृतीत काम करीत असताना चित्रपटाला वाढीव स्मृतीतील चित्र दाखविता येत असे, आणि याच्या उलटही करता येत असे. यंत्ररचनाकारांनी वाढीव स्मृती तबकडीसाठीच आखली असती, तर ही दुहेरी सोय करण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. तबकडी हा त्या स्मृतीचा एक अर्थ होता आणि तो नंतर, कार्यप्रणालीच्या बाजूने, लावला गेला.

तो लावण्याची गरज का पडली, हे बेसिक भाषेकडे पाहिले असता स्पष्ट होते. १३० एक्सईत बसविलेली अटारी बेसिक ही भाषा कप्प्यांची ही व्यवस्था जाणत नव्हती. १९८३ सालच्या ६४ किलोबाइटांच्या ८०० एक्सएल या यंत्रावर बेसिकला जेवढी मोकळी जागा मिळे, म्हणजे डॉस न चढविता सुमारे ३७,९०० बाइट, तेवढीच ती १३० एक्सईवरही मिळे. दुप्पट स्मृतीचे यंत्र घेणाऱ्यास आपल्या कार्यक्रमासाठी एका ओळीचीही जादा जागा मिळत नसे. भाषा नव्याने लिहावी, तर जुने कार्यक्रम चालतील की नाही याची शाश्वती नव्हती. आणि अशा विसंगतीचा अनुभव अटारीला नुकताच आलेला होता. १९८३ मधील 'डॉस ३' ही प्रणाली आधीच्या तबकड्यांशी जुळत नसल्यामुळे वापरणाऱ्यांनी ती स्वीकारली नव्हती. जुने काहीही न मोडता नवी स्मृती उपयोगात आणणे, हा खरा पेच होता.

३

हा पेच सोडविण्याची जागा अटारीच्या प्रणालीत आधीपासूनच तयार होती. १९७९ पासून या यंत्रांत सर्व उपकरणे एकेका अक्षराने ओळखली जात : कळफलकास 'के', मुद्रकास 'पी', कॅसेटला 'सी' आणि तबकडीस 'डी'. कार्यक्रम फक्त अक्षर व फाइलचे नाव सांगे. पुढचे काम त्या उपकरणाच्या हाताळणी-कार्यक्रमाकडे असे. तबकडीच्या बाबतीत आणखी एक पायरी होती. डॉसचा फाइल-व्यवस्थापक प्रत्यक्ष ड्राइव्हशी बोलताना 'अमुक क्रमांकाचा सेक्टर वाच' किंवा 'लिही' एवढीच मागणी करीत असे. त्या मागणीच्या खाली कोणते यंत्र आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. अर्थात, आठव्या ड्राइव्हसाठी आलेली मागणी तारेवरून बाहेर न पाठविता स्मृतीकडे वळविली की काम होत होते. वरच्या सर्व पायऱ्या पूर्वीप्रमाणेच चालत राहत.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. सीपी/एम या कार्यप्रणालीतही यंत्रविशिष्ट भाग अशाच प्रकारे अलग ठेवलेला होता. त्याचा लाभ घेऊन इंग्लंडमध्ये जेरी कार्लिन यांनी १९७९-८० मध्ये 'सिलिकॉन डिस्क सिस्टिम' लिहिली. गणनघटकाच्या आवाक्याबाहेरील स्मृती उपयोगात आणणे, हाच तिचाही हेतू होता. अॅपलच्या 'प्रोडॉस' प्रणालीने १२८ किलोबाइटांच्या यंत्रांवर 'रॅम' या नावाची तबकडी आपोआप निर्माण करण्याची सोय ठेवली होती. मोठ्या यंत्रांच्या जगात तर १९७८ मध्येच स्टोरेजटेक कंपनीने ४३०५ हे अर्धवाहकांचे संचयन-उपकरण तयार केले होते आणि ते आयबीएमच्या २३०५ या उपकरणाचे सोंग घेऊन काम करीत असे. मात्र तेथील प्रेरणा शुद्ध वेगाची होती. तीच युक्ती घरगुती यंत्रात आली तेव्हा तिचे कारण बदललेले होते.

१३० एक्सईवर स्मृति-तबकडी सिद्ध करण्याची पद्धत अगदी साधी होती. डॉस २.५ च्या मूळ तबकडीवर 'रॅमडिस्क.कॉम' या नावाची एक लहान फाइल असे. संगणक सुरू होताना डॉस आधी स्वतः स्मृतीत येई आणि मग या फाइलचा शोध घेई. ती सापडली म्हणजे आठवा ड्राइव्ह अस्तित्वात असल्याची नोंद होई आणि चार कप्प्यांवर रिकाम्या तबकडीची आखणी केली जाई. त्यानंतर 'डप.सिस' आणि 'मेम.सॅव' या दोन फाइलींची व्यवस्था नव्या तबकडीवर लावली जाई. स्मृति-तबकडी नको असल्यास मूळ तबकडीवरून ती फाइल काढून टाकावयाची किंवा तिचे नाव बदलावयाचे, एवढाच उपाय होता. तबकडी तयार झाल्यावर डॉसच्या यादीतील 'सी' हे अक्षर निवडून पहिल्या ड्राइव्हवरील फाइली आठव्यावर उतरविता येत. बेसिकमध्ये असताना सेव्ह या आज्ञेपुढे फाइलच्या नावाआधी 'डी८:' लिहिले की पुरे होई.

आखणीचा हिशेब उद्बोधक आहे. चार कप्प्यांत मिळून ६५,५३६ बाइट असतात. अटारीच्या फ्लॉपीवरील सेक्टर १२८ बाइटांचा असल्यामुळे त्यांचे ५१२ सेक्टर होतात. त्यांपैकी वापरणाऱ्यास ४९९ मिळत. उरलेले सूची, जागावाटपाचा तक्ता आणि प्रारंभीचे राखीव सेक्टर यांत खर्ची पडत. शिवाय प्रत्येक सेक्टरमधील शेवटचे ३ बाइट फाइलचा क्रमांक, पुढील सेक्टरचा निर्देश आणि आतील बाइटांची संख्या यांसाठी असत. त्यामुळे मजकुराला १२५ बाइट उरत आणि एकूण उपयुक्त जागा ६२,३७५ बाइटांची होई. ज्या तबकडीला प्रारंभापासून शेवटपर्यंत कोणतेही स्थान सारख्याच वेळात गाठता येत होते, तिच्यावरही फिरत्या तबकडीसाठी ठरविलेली साखळी जशीच्या तशी ठेवण्यात आली. हजारो बाइटांची जागा वाचविण्याच्या काळात या औपचारिकतेचा खर्च का सोसला गेला? ती सोडली असती तर फाइल-व्यवस्थापक निराळा लिहावा लागला असता, आणि तबकडी ही तबकडी म्हणून ओळखू आली नसती.

या व्यवस्थेत एक बारीक अडचण होती. कप्पे बदलणारा कार्यक्रम स्वतः खिडकीच्या पट्ट्यात असता, तर कप्पा बदलताच तो स्वतःच दृष्टीआड झाला असता. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्यासारखाच हा प्रकार होय. म्हणून तो कार्यक्रम खिडकीबाहेर ठेवणे भाग होते. वापरणाऱ्याचा मजकूरही पुष्कळदा त्याच पट्ट्यात असल्यामुळे तो आधी खिडकीबाहेरच्या जागी उचलून, मग कप्पा बदलून, आत ठेवावा लागे. वरून सरळ दिसणाऱ्या 'लिही' या आज्ञेखाली प्रत्येक सेक्टरमागे अशी ने-आण चालत असे.

४

आता वेगाचा पक्ष विचारात घेतला पाहिजे, कारण तो दुर्बल नाही. अटारीचा ड्राइव्ह संगणकाला एकेरी तारेने जोडलेला असे आणि तिचा वेग सेकंदास १९,२०० बिटांचा होता. एका बाइटामागे प्रारंभ व अंत यांच्या बिटांसह १० बिटे धरली, तर सेकंदास जास्तीत जास्त १,९२० बाइट जात. स्मृति-तबकडीचे ६२,३७५ बाइट तारेवरून आणण्यास, मधला कोणताही विलंब न धरता, ३२ सेकंदांहून अधिक काळ लागला असता. प्रत्यक्षात तो याहून पुष्कळ अधिक लागे.

या मंदपणाचा सर्वाधिक जाच 'डप.सिस' मुळे होत असे. डॉसची यादी दाखविणारा हा कार्यक्रम स्मृतीच्या ज्या भागात येई, त्याच भागात वापरणाऱ्याचा बेसिक कार्यक्रम असे. तो पुसला जाऊ नये म्हणून तेवढा भाग आधी 'मेम.सॅव' या फाइलमध्ये लिहावयाचा, मग यादी आणावयाची आणि परत जाताना जुना भाग पुन्हा वाचून घ्यावयाचा, असा क्रम होता. फाइलचे नुसते नाव बदलण्यासाठीही हे सर्व सोपस्कार करावे लागत. या दोन्ही फाइली स्मृति-तबकडीवर गेल्यामुळे ही ये-जा जवळजवळ तात्काळ होऊ लागली, आणि रोजच्या कामात १३० एक्सईच्या मालकास जाणवणारा लाभ हाच होता.

परंतु लाभ आणि कारण या दोन निराळ्या गोष्टी होत. त्याच सुमाराचा सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम १२८' हा संगणक या भेदाचा चांगला पुरावा आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये तो स्पेनमध्ये आणि १९८६ च्या प्रारंभी ब्रिटनमध्ये आला. त्यातही १२८ किलोबाइट स्मृती होती आणि तिचे १६ किलोबाइटांचे आठ कप्पे होते. ४९,१५२ या पत्त्यापासून वरचा पट्टा ही तेथील खिडकी होती. त्याचीही बेसिक भाषा वाढीव स्मृती आपल्या कार्यक्रमासाठी वापरू शकत नव्हती. म्हणून सेव्ह, लोड, कॅट आणि इरेज या आज्ञांपुढे उद्गारचिन्ह लिहिले की त्या या स्मृतीवर लागू होतील, अशी योजना करण्यात आली. मात्र या यंत्रात तबकडीचा ड्राइव्ह मुळीच नव्हता. कार्यक्रम कॅसेटवर साठविले जात. जेथे खरी तबकडी नाही तेथे तबकडीच्या मंदपणावर उपाय शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही ठेवणे, आणणे, सूची पाहणे आणि पुसणे ही तबकडीचीच चार क्रियापदे तेथे अवतरली. वाढीव स्मृतीला शब्द हवे होते आणि ते तबकडीच्या व्यवहारातून उसने घेण्यात आले.

तिसरे उदाहरण अॅमस्ट्रॅड कंपनीच्या 'पीसीडब्ल्यू ८२५६' चे. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये ३९९ पौंड अधिक कर या किमतीला आलेल्या या यंत्रात पडदा, मुद्रक, एक ड्राइव्ह आणि २५६ किलोबाइट स्मृती होती. त्याच्या सीपी/एम प्लस प्रणालीत 'एम' या अक्षराचा ११२ किलोबाइटांचा ड्राइव्ह स्मृतीतून निर्माण होई. ५१२ किलोबाइटांच्या ८५१२ या यंत्रात तोच ३६८ किलोबाइटांचा असे. तीन इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे १७३ किलोबाइट मजकूर मावत असल्यामुळे मोठ्या यंत्राची स्मृति-तबकडी अशा एका बाजूच्या दुपटीहून मोठी झाली. एकाच ड्राइव्हच्या यंत्रावर एका तबकडीवरील फाइल दुसरीवर नेण्यास हा ड्राइव्ह सोयीचा मध्यस्थ ठरला : फाइल 'एम' वर उतरवावी, तबकडी बदलावी आणि फाइल परत लिहावी. येथे वेग आणि पत्त्यांची मर्यादा ही दोन्ही कारणे एकत्र नांदताना दिसतात. परंतु झेड८० या गणनघटकालाही ६४ किलोबाइटांपलीकडे थेट पाहता येत नव्हते. ती मर्यादा नसती तर एवढी स्मृती एका बाजूस काढून ठेवण्याचे कारण उरले नसते.

या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप घेता येतो. कमोडोरच्या 'अमिगा' संगणकाचा ६८००० हा गणनघटक १६ मेगाबाइटांपर्यंतची स्मृती थेट ओळखू शकत होता. तेथे कप्प्यांचा प्रश्नच नव्हता. तरीही १९८५ च्या पहिल्या अमिगापासून 'रॅम' नावाचे उपकरण त्यात होते, आणि १९८८ मधील १.३ या आवृत्तीत यंत्र पुनः सुरू केल्यावरही टिकून राहणारी 'रॅड' ही स्मृति-तबकडी आली. यावरून मूळ कारण वेगाचेच होते असे म्हणता येईल काय? तसे अनुमान काढणे घाईचे ठरेल. अमिगाच्या काळापर्यंत स्मृति-तबकडी हा परिचित प्रकार झाला होता. ज्या अडचणीतून तो आठ-बिटी यंत्रांवर रुजला ती अडचण संपली, तरी त्याचे रूप उपयुक्त म्हणून शिल्लक राहिले. साधन टिकते आणि त्याचे प्रयोजन बदलते, हा अनुभव तंत्राच्या इतिहासात नवा नाही.

५

या सोयीचे मोल वापरणाऱ्याला एकाच नाण्यात चुकवावे लागे : अशाश्वतता. गतिक स्मृतीतील प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म विद्युत्भार होय. तो सतत झिरपत असल्यामुळे काही सहस्रांश सेकंदांनी पुनः भरावा लागतो. अटारीत हे काम चित्र काढणारी 'अँटिक' हीच चिप आपल्या इतर कामांबरोबर करीत असे. वीज गेली की भरणे थांबे आणि तबकडी विरून जाई. रीसेटची कळ दाबल्याने मात्र ती नष्ट होत नसे. शिवाय वाढीव कप्प्यांवर कोणाचीही मालकी नोंदविलेली नव्हती. जे खेळ वा कार्यक्रम ती स्मृती स्वतःसाठी वापरीत, ते तेथे तबकडी आहे की नाही याची विचारपूस न करता तिच्यावर लिहीत.

फ्लॉपीवर ठेवलेले ते टिकते, हा विश्वास 'तबकडी' या शब्दातच भरलेला होता. स्मृति-तबकडीने तो शब्द घेतला. त्याच्या पाठीमागील हमी मात्र घेतली नाही. सूची तशीच दिसे, 'सेव्ह' ही आज्ञा तशीच चाले, शिल्लक सेक्टरांचा आकडाही तसाच येई. आणि नेमक्या याच साम्यामुळे काम जतन झाले आहे असा समज होण्यास जागा राहिली. दिवसअखेर आठव्या ड्राइव्हवरील फाइली पहिल्यावर उतरविणे ही शिस्त म्हणूनच अपरिहार्य झाली. 'ठेवले' आणि 'टिकले' यांत अंतर आहे, हा धडा गृहसंगणकाच्या वापरणाऱ्यास या रिकाम्या ड्राइव्हने घालून दिला.

अभ्यासकासही याचा परिणाम जाणवतो. त्या काळच्या फ्लॉपी तबकड्यांच्या प्रती संग्राहकांनी मोठ्या प्रमाणावर जतन केल्या आहेत. परंतु स्मृति-तबकडीवर जे लिहिले गेले त्याची एकही मूळ प्रत असणे संभवत नाही. जे परत फ्लॉपीवर आणले गेले तेवढेच आज हाती लागते, आणि मधले सर्व खर्डे, चाचण्या व चुका वीज बंद होण्याबरोबर गेल्या. एखाद्या जुन्या डॉस तबकडीवर 'रॅमडिस्क.कॉम' ही फाइल असणे किंवा मुद्दाम काढून टाकलेली असणे, हाच काय तो अप्रत्यक्ष पुरावा उरतो. तिच्या असण्यावरून मालकाने आठवा ड्राइव्ह वापरलाच असे सिद्ध होत नाही. तिच्या नसण्यावरून मात्र त्याने वाढीव स्मृतीला तबकडी म्हणण्याचे नाकारले असावे, असे अनुमान काढता येते.

तात्पर्य, आठ-बिटी गृहसंगणकावरील स्मृति-तबकडी ही प्रथमतः नामकरणाची घटना होती. चिपा स्वस्त झाल्या, गणनघटक जुना राहिला, भाषा बदलणे परवडणारे नव्हते. या तिहींच्या कात्रीत सापडलेल्या ६४ किलोबाइटांना कार्यप्रणालीने एक परिचित नाव आणि एक क्रमांक दिला. वेग हा त्या नामकरणाबरोबर आलेला लाभ होता आणि अशाश्वतता हा त्याच्याबरोबर आलेला तोटा. दोन्ही गोष्टी वापरणाऱ्याने एकाच आज्ञेने स्वीकारल्या. त्यांतली दुसरी त्याला बहुधा वीज गेल्यावरच कळली.